इंजिनावरचा नारळ

तो नारळ मी फोडला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कोणी हिम्मतरावांना नावं ठेवायला नको. मी नरहर, राहणार बरकतपुरा. महसूल खात्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून फायलींच्या कडेला लाल शाईने लिहिल्या. स्वतःची चूक कळायला मात्र मला दोन महिने लागले, आणि तीसुद्धा मी शोधली नाही, दुसऱ्याने माझ्या नाकासमोर धरली.

हिम्मतराव म्हणजे मलकपेठचे हिम्मतराव मेकॅनिक. रेसकोर्सच्या भिंतीमागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. होती म्हणायचं आता. माणूस मूळचा उदगीरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. चौदाव्या वर्षी चुलत्याचं बोट धरून शहरात आला आणि इथलाच झाला. बोलणं अर्धं उदगीरचं, अर्धं दखनी. मला गल्लीच्या तोंडाशी बघितलं की 'काय करलालाव, नरहरराव?' म्हणून ओरडायचे आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची पुसायला घ्यायचे. तीस वर्षांत माझ्या तीन गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले, असे उभे राहायचे. 'तिसरा सिलिंडर कण्हतोय' म्हणायचे, आणि उघडल्यावर तिसऱ्यातच बिघाड निघायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण शेजारी बसून सल्ले द्यायची हौस दांडगी. ते ऐकून घ्यायचे. वर 'हौ, बराबर' असंही म्हणायचे आणि करायचं ते आपल्याच मनाचं करायचे.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांचं काही बरं चाललं नव्हतं. त्यांच्या हातून गेलेल्या दोन गाड्या परत आल्या. मेकॅनिकच्या धंद्यात 'परत आली' ह्या दोन शब्दांसारखी शिवी नाही. एकीचं ऑइल गळत होतं, दुसरीचा बोल्ट सैल राहिला होता. त्यांचा मुलगा गौतम विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. चांगला पोरगा, उगाच कोणी त्याला खलनायक करू नये. शेडचा करार डिसेंबरअखेर संपत होता आणि तो सरळ म्हणाला, 'बाबा, सही करायची का नाही ते ठरवा. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतात. आता घरी बसा.'

हिम्मतराव घरी बसणारे नव्हते. त्यांनी काय करावं, तर गौतमच्या आणि माझ्या देखत चिंधीला हात पुसत सांगितलं, 'आता जे इंजिन हातात घेईन ते परत आलं, तर पाना खाली ठेवतो. नाही आलं, तर सही करायची आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.' गौतम 'बरं' म्हणाला. हिम्मतरावांचा शब्द म्हणजे शब्द, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणि ते इंजिन निघालं माझं. माझी पांढरी गाडी, बारा वर्षांची, बायकोला, मालतीला, डॉक्टरकडे न्यायची, बाजार करायचा, एवढंच तिचं काम. नोव्हेंबरात ती विद्यानगरच्या पुलावर तापून वाफा सोडायला लागली. हिम्मतरावांनी हेड उतरवलं, घासून आणलं, नवं गॅस्केट घातलं, व्हॉल्व्ह बसवले. बारा दिवस मी रोज जाऊन बसत होतो. एकही बोल्ट त्यांनी दोनदा मोजल्याशिवाय आवळला नाही. टायमिंगच्या खुणा, म्हणजे आतली दातेरी चाकं कोणत्या दाताला जुळायची त्या, जुळवताना भिंग लावून बघितल्या, मग मला भिंग दिलं, मग चहावाल्यालासुद्धा दाखवल्या. मी थट्टेने म्हटलं, 'आता रेसच्या घोड्यालाही दाखवा.' तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, 'ह्यात माझं सगळं आहे, नरहरराव.'

गाडी सुरू झाली तेव्हा इंजिनाचा आवाजच येईना. समोरच्या पट्टीवरचे सगळे दिवे लागले आणि एकेक करून गेले. हिम्मतरावांनी मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. नंतर एवढंच म्हणाले, 'घेऊन जा.' त्या दिवशी त्यांची पत्नी गंगूबाईंनी आम्हाला जेवू घातलं, भाकरी आणि ठेचा. गौतमही होता आणि खरं सांगायचं तर तोही खूश दिसत होता.

घरी आल्यावर मालती दारातच आडवी उभी. 'इंजिन उघडलं म्हणजे गाडीचा पुनर्जन्म झाला. पूजा केल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही.' आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होतेच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. बॉनेट उघडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. चाकापाशी दगडावर नारळ फोडला. इथपर्यंत ठीक होतं. सगळी गल्ली हेच करते. पण मी पडलो विचारवंत. मनात म्हटलं, आजारी पडलं होतं इंजिन, मग तीर्थ चाकाला कशाला? वाटीतलं नारळाचं पाणी आधी बोटांनी शिंपडलं आणि मग उरलेलं सगळं भक्तिभावाने इंजिनाच्या डोक्यावर ओतलं. मालतीने हात जोडले. मीही जोडले.

तिसऱ्या दिवशी दिवा लागला. समोरच्या पट्टीवर इंजिनाचं छोटं पिवळं चित्र. गाडी चालत होती, तापत नव्हती, फक्त ते पिवळं चित्र जात नव्हतं. गाडीचं काय व्हायचं ते होवो, मला हिम्मतराव दिसत होते. मालतीला म्हटलं, 'दिवा विझला नाही तर त्या माणसाचं काही खरं नाही.' ती मलाच रागावली, 'दिवा विझला म्हणू नये, शांत झाला म्हणावं.' ह्या दिव्याला कसली शांती देणार होती ती, देव जाणे.

दोन दिवस मी गाडी घरीच ठेवली. वाटलं, आपण सांगितलंच नाही तर परत आली असं होणार नाही. पण खोटेपणा मला पचत नाही, निदान तेव्हा तरी पचत नव्हता. शेवटी नेली. हिम्मतरावांनी दिव्याकडे बघितलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. गौतमने मागच्या वर्षी त्यांना एक स्कॅनर आणून दिला होता, गाडीला जोडला की बिघाडाचा नंबर दाखवणारा. नंबर निघाला कॅमशाफ्टच्या सेन्सरचा. इंजिनातला वरचा दांडा कुठे फिरतोय हे सांगणारं बोटाएवढं यंत्र, एवढं मला त्यांनी समजावलं. म्हणजे एक तर सेन्सर बिघडला, नाहीतर दांडाच जागेवर नाही. आणि दांडा जागेवर नसेल, तर टायमिंग चुकलं. टायमिंग चुकलं तर हिम्मतराव चुकले.

त्यांनी मला विचारलं. हे मी नीट सांगतो, कारण सगळं ह्याच्यावर फिरलं. ते म्हणाले, 'बॉनेटखाली पाणी मारलं का कोणी? धुतलीत?'

मी म्हटलं, 'छे हो. पाण्याचा थेंब लागू दिला नाही.'

मी खोटं बोललो नाही. देवाशपथ सांगतो, माझ्या डोक्यात ते आलंच नाही. पाणी म्हणजे नळाचं, बादलीतलं. मी ओतलं ते तीर्थ होतं. तीर्थाला कोणी पाणी म्हणतं का? पंचपात्रातलं प्यायल्यावर आपण 'पाणी प्यालो' असं म्हणतो का? इतकी वर्षं सरकारी भाषेत एकेका शब्दावर भांडलो आणि ऐन वेळी एका शब्दाने माझाच गळा कापला. माझा कुठला, त्यांचा.

त्यांनी सेन्सरला वायरी जोडणारा प्लग काढला, फुंकर मारली, परत लावला, स्कॅनरने नंबर पुसला. दिवा गेला. चार दिवसांनी पुन्हा लागला. मग त्यांनी नवा सेन्सर घातला. पाच दिवस दिवा नव्हता. सहाव्या दिवशी बरकतपुऱ्याच्या चौकातच लागला. असं महिनाभर चाललं. प्लग काढून लावला की काही दिवस बरं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दर खेपेला हिम्मतराव थोडे कमी बोलायचे. खुर्ची पुसणं बंद झालं. मी आपणच पुसून बसत होतो.

आणि त्यात मी काय दिवे लावले, तेही ऐका. एका संध्याकाळी गौतम ऑफिसातून सरळ शेडवर आला होता. मला गप्प बसवत नाही, तोंडाला चैन नसते. मी म्हटलं, 'हिम्मतराव, टायमिंग तर नसेल ना एखादा दात इकडेतिकडे?' बस्स, एवढंच. ऐकीव ज्ञान, त्यांच्याकडूनच ऐकलेलं. गौतमने मान खाली घातली. हिम्मतरावांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मी आज सुखाने झोपलो असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचं सगळं झाकण पुन्हा उतरवलं. खुणा जुळलेल्या होत्या. केसाचाही फरक नव्हता. मी बघितल्या, भिंगातून बघितल्या, म्हटलं, 'अहो, बरोबर आहे सगळं.' ते म्हणाले, 'तुम्हाला बरोबर दिसतंय. मलाही बरोबरच दिसतंय. पण माझ्या दिसण्याचा आता काय भरवसा?' मग ते इंजिन हाताने फिरवत बसले, पुन्हा खुणा, पुन्हा फिरवणं. दुपार अशीच गेली. इतक्या वर्षांत त्यांचे हात मी पहिल्यांदा रिकामे हलताना बघितले. काय करतोय हे त्या हातांना ठाऊक नव्हतं. मला रडू येत होतं, आणि मी मूर्खासारखा चहा मागवत होतो.

झाकण परत लावलं. आठवड्याने दिवा परत लागला.

मी गाडी घेऊन गेलो तेव्हा ते इंजिनाजवळ आलेच नाहीत. लांबूनच म्हणाले, 'पेटलाय?' मी मान हलवली. त्यांनी हातातला पाना पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि आत जाऊन हात धुतले. साबणाने कोपरापर्यंत, दोनदा. मी खूप बोललो. म्हटलं, ही काय परत आलेली गाडी झाली का, चालतेय झकास, दिव्यावर चिकटपट्टी लावतो आणि मेलो तरी कोणाला सांगत नाही. ते म्हणाले, 'मला माहीत आहे ना. माझ्यावर कशी चिकटपट्टी लावता?' डिसेंबरअखेर सही झाली नाही. पत्रे दुसऱ्याने घेतले, पाने गल्लीतल्या मेकॅनिकांत वाटले गेले. गौतम एवढ्या हौसेने बाबांना घरी बसवायला निघाला होता, पण पेट्या उचलताना तोच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जानेवारीत मी गाडी विद्यानगरला एका वायरिंगवाल्याकडे नेली. दिवा काढायचाच होता असं नाही. मला त्या पिवळ्या चित्राचा तिटकारा आला होता. पोरगेला माणूस, कानाला फोन, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. नंबर बघितला, प्लग काढला, त्याचं वायरींकडचं, म्हणजे गाडीच्या बाजूचं, तोंड टॉर्चने बघितलं आणि फोनवरच्या माणसाला 'रुको' म्हणाला. सुईने आतून काहीतरी खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. हिरवट पांढरा चिकट थर आणि त्यात दोन मेलेल्या मुंग्या.

'साब, इसपे नारियल का पानी डाले क्या?'

पानी. त्याने तीर्थाला पाणी म्हटलं आणि मला लख्ख कळलं. प्लगचं रबर जुनं, त्यातून पाणी आत झिरपलं, सुकलं, साखर राहिली, मुंग्या आल्या, पितळ हिरवं पडलं. प्लग काढून लावला की थोडं घासलं जायचं आणि चार दिवस चालायचं. नवा सेन्सर घालून काय उपयोग, सडलं होतं गाडीच्या बाजूचं तोंड. त्याने ते कापून नवं जोडलं. पंधरा मिनिटं लागली. दिवा गेला तो गेलाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण हिम्मतरावांच्या नशिबी.

मी घरी गेलो नाही. तसाच मलकपेठला गेलो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. माझी अब्रू गेली तर जाऊ दे, पण त्यांना कळू दे की त्यांचे हात चुकले नव्हते. गौतमला बोलावू, शेड दुसरी बघू, तो शब्दच रद्द, कारण इंजिन परत आलंच नव्हतं, परत आला होता माझा मूर्खपणा. मला खरंच आनंद होत होता. एवढा मोठा गुन्हा कबूल करायला निघालेला माणूस इतका आनंदात नसतो.

हिम्मतराव बाहेरच्या खोलीत बसले होते. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. गंगूबाई आत पोळ्या लाटत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. नारळ, तीर्थ, 'पाण्याचा थेंब लागू दिला नाही' म्हणालो ते, मुंग्या. शेवटी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी माझा दंड धरून वर बसवलं.

'कोणता प्लग? हेडच्या वरचा, डाव्या अंगाचा?'

'हौ,' मी म्हटलं. घाईत तोंडून त्यांचाच शब्द गेला.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटलं, हलकं वाटत असेल. मग म्हणाले, 'तो मी चार वेळा काढला.'

'पण मी तुम्हाला पाणी नाही म्हणून सांगितलं होतं. दोष माझा आहे, हिम्मतराव.'

'गिऱ्हाईक नाहीच म्हणतं, नरहरराव. ते काय आज म्हणायला लागलं? इंजिन उघडलं की लोक इंजिनावरच नारळ ओततात. मलकपेठात असं न केलेली एक गाडी दाखवा. मी आलो तेव्हा उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. काम होऊन गेलेली गाडी तक्रार घेऊन आली, तर आधी कुंकू लागलंय का बघ. कुंकू दिसलं की सगळे प्लग उघड, आत बोट फिरव आणि बोट चाट. गोड लागलं तर नारळ. मीच कितीजणांना शिकवलंय हे.' त्यांनी टीव्ही बंद केला. 'तुमच्या गाडीला कुंकू होतं. मी बघितलं होतं. रोज बघत होतो. मला आठवलंच नाही.'

येताना जुळवलेलं एकही वाक्य आता इथे बसत नव्हतं.

'टायमिंग चुकलं असतं तर बरं होतं,' ते म्हणाले. 'हात थरथरतो, डोळा चुकतो. माणसाचं होतं तसं. हे तसं नाही. हे माझ्या डोक्यातून पुसलं गेलंय. आणखी काय काय गेलंय ते मला कळणार पण नाही.' आतून लाटण्याचा आवाज येत होता. त्यांनी आवाज खाली आणला. 'गौतमला हे सांगू नका. त्याला वाटतंय बाबांचा हात गेला. वाटू द्या. डोकं गेलं हे कळलं तर तो मला रस्त्यावर एकटं सोडणार नाही. मी रोज सकाळी रेसकोर्सपर्यंत जाऊन येतो. तेवढं राहू द्या मला.'

मी हो म्हटलं. गंगूबाईंनी जेवायला थांबा म्हणून आग्रह केला, थांबलो नाही. बाहेर गाडीपाशी आलो. हिम्मतराव दारापर्यंत आले होते. मी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. तोच आवाज, म्हणजे आवाज नाहीच. इतकं सुरेख इंजिन त्या माणसाने बांधलं होतं. ते क्षणभर ऐकत उभे राहिले आणि मग आत गेले.

चार दिवसांनी गौतमचा फोन आला. दिवा गेल्याचं त्याला मालतीकडून कळलं होतं. म्हणाला, 'काका, शेवटी काय निघालं त्यात?'

मी म्हटलं, 'टायमिंगच होतं रे. एक दात चुकला होता.'

तो म्हणाला, 'मला वाटलंच होतं.'